कालव्याकाठची धाव : पळता पळता शिकायचा एक पाठ



आज जरा वेगळ्या पाठाबद्दल लिहिते. या पाठाला फळा लागत नाही, खडू लागत नाही. लागतो तो एक रस्ता, सकाळची वेळ आणि डोळे उघडे ठेवून पळणारी पोरं. रस्ता मात्र नीट निवडावा लागतो. का, ते पुढे येईलच.

माझी शाळा नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आहे. पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतल्या लोकांना हा कालवा सांगायला नको. आमच्याकडे कालवा कुणी म्हणत नाही, सगळे 'कॅनॉल'च म्हणतात. बदली होऊन इथं आले तेव्हा मी स्वतःसाठी म्हणून पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत वर्गातली दोन पोरं मागं यायला लागली. मग चार झाली. मग वाटलं, ही पोरं नुसती पळतायत, यातून शिकता किती येईल! तिथून हा उपक्रम सुरू झाला. त्यात मी एक मोठी चूकही केली. तीही या लेखात सांगणार आहे, कारण हा लेख लिहिण्याचं खरं कारण तीच आहे.

कॅनॉलचा रस्ता पळायला एवढा चांगला का?

हा पहिलाच प्रश्न मी मुलांना विचारते. उत्तरं येतात, "गाड्या नसतात", "गार लागतं", "झाडं असतात". सगळी बरोबर. पण मुख्य कारण सहसा सुटतं : हा रस्ता जवळजवळ सपाट असतो.

कालव्यातलं पाणी पंपानं पुढे ढकललेलं नसतं, ते उतारानं आपलं आपण जातं. उतार जास्त दिला तर पाणी जोरात धावून माती खरवडेल आणि लांबच्या गावापर्यंत उंची टिकणार नाही. म्हणून इंजिनिअर लोक उतार अगदी थोडा ठेवतात, किलोमीटरमागे वीत-दीड वीत एवढाच. त्यासाठी कालवा डोंगराच्या पायथ्यानं, एकाच उंचीची रेघ धरून वळणं घेत जातो. त्याच्या कडेनं पाटबंधारे खात्याच्या माणसांना पाहणी करायला जो मुरमाचा रस्ता असतो, तोही तसाच. म्हणून आपल्याला चढ नाही, उतार नाही, दम एकसारखा राहतो.

नदीकाठची वाट अशी नसते. नदीला मिळणारे ओढे-ओहोळ वाट तोडतात. काठावर काळी माती असते, पावसाळ्यात ती बुटाला चिकटून पाय शेर-शेर जड होतात. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात आणि पाय मुरगळतो. पण नदीकाठ दाखवतो ते कॅनॉल दाखवत नाही : घाट, देवळं, पुराच्या खुणा, वाळू, संगम. म्हणून मी वर्षातून एकदा तरी मुलांना नदीकाठी नेते. तिथं पळायचं नाही, चालायचं.

आपल्याकडच्या काही वाटा

नकाशा घेऊन बसा, म्हणजे मजा येईल. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. खाली नीरा नदीवर वीर. वीरच्या खालून नीरेच्या दोन्ही अंगांना दोन कालवे निघतात. डावा कालवा पुणे जिल्ह्यात पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जातो. उजवा फलटण, माळशिरस, पंढरपूरकडे, म्हणजे सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांत. डावा कालवा इंग्रजांच्या काळातला, १८८०च्या दशकात झालेला. त्याआधी १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. पुढे पाटबंधाऱ्याच्या कामांवर भर दिला गेला, त्यामागे हा दुष्काळही होता. आपली मुलं ज्या रस्त्यावर हसत पळतात तो असा भुकेच्या दिवसांशी जोडलेला आहे, हे त्यांना एकदा तरी सांगावं.

डावा-उजवा कसं ठरवायचं? मुलं इथं हमखास गोंधळतात. नियम सोपा आहे : पाणी ज्या दिशेनं वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहा. डाव्या हाताला डावा काठ, उजव्या हाताला उजवा. मैदानावर खडूनं नदी काढून मुलांना तिच्यात उभं केलं की दोन मिनिटांत कळतं.

नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. तो संगम पाहायला चालत जावं असाच आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं नीरास्नान नीरा गावाजवळ होतं आणि तुकाराम महाराजांच्या पालखीचं सराटीला. तुकोबांच्या पालखीचं रिंगण आमच्या भागात बेलवाडीला होतं. "बाई, घोडा पळतो तसं पळू का?" हा प्रश्न रिंगण पाहून आलेलं प्रत्येक पोर विचारतं.

तुमची शाळा दुसरीकडे असेल तरी अशी वाट सापडेल. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरहून गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे जातात. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ, २०२० साली जाहीर झालेलं. हिवाळ्यात तिथं मुलांना पक्षी दाखवा. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून संगमनेर, श्रीरामपूरच्या बाजूला कालव्यांनी जातं. वाईचे कृष्णेवरचे घाट, कऱ्हाडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, सातारजवळचा माहुलीचा संगम या तर सहलीच्या जागा आहेतच, पण सकाळी लवकर गेलात तर चालण्याच्याही आहेत.

उपक्रम १ : दोन बाजू बघा (इयत्ता तिसरी ते पाचवी)

कॅनॉलच्या रस्त्यावर उभं राहून मुलांना एका बाजूला बघायला सांगा, मग दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे खालच्या अंगाला ऊस, केळी, घास. वरच्या अंगाला ज्वारी, माळ, बाभळी, मेंढरं. मध्ये फक्त पंधरा-वीस पावलांचं अंतर. असं का?

पाणी आपोआप खालीच जातं, वर जात नाही. म्हणून कालव्याच्या खालची जमीन बागायत होते आणि वरची जिरायत राहते. वर पाणी न्यायचं तर मोटार, पाइप आणि लाइटबिल. एका मुलानं वहीत लिहिलं, "आमचं शेत कॅनॉलच्या वर आहे म्हणून बाबा कारखान्यावर कामाला जातात." मी त्याला शेरा काय देणार? पण त्या दिवशी भूगोल त्याच्या घरापर्यंत पोचला होता.

शब्दही गोळा करा. पाटकरी, चारी, फाटा, मोरी, दारं, पाळी, आवर्तन, भिजवणं, टेल. हे शब्द आमच्या पोरांना घरी येतात, पुस्तकात सापडत नाहीत. आम्ही भिंतीवर त्यांचा तक्ताच लावला आहे.

उपक्रम २ : पाणी जोरात पळतं की आपण? (इयत्ता सहावी, सातवी)

साहित्य : टेप, घड्याळ, वाळलेली लिंबाची काडी, वही.
कृती : कठडा असलेल्या पुलावर मोठ्या माणसानं उभं राहायचं. पुलापासून खालच्या दिशेला रस्त्यावरच ४० मीटर मोजून एका झाडाला खूण करायची. पुलावरून काडी पाण्यात टाकायची आणि ती झाडाच्या समोर आली की वेळ नोंदवायची. मुलं रस्त्याच्या आतल्या बाजूला उभी राहून बघतात, पाण्याकडे कुणीही जात नाही. असं तीन वेळा करायचं.

आमच्या नोंदी होत्या ४९, ५२ आणि ४९ सेकंद. सरासरी ५० सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर, मिनिटाला ४८ मीटर आणि तासाला २ किलोमीटर ८८० मीटर. आमची मुलं एक किलोमीटर साधारण सात मिनिटांत पळतात, म्हणजे तासाला साडेआठ किलोमीटरच्या वेगानं. मुलं जिंकली! वर्गात आरडाओरडा.

मग पुढचा प्रश्न. पाणी थांबत नाही, झोपत नाही. चोवीस तासांत ते किती जाईल? गुणाकार केला, ६९ किलोमीटर आणि वर थोडं. आता कोण जिंकलं? सगळे गप्प. इथं एक गोष्ट सांगायची : मधोमध, वरवरचं पाणी सगळ्यात जोरात वाहतं. तळाशी आणि कडेला ते घासतं म्हणून हळू जातं. त्यामुळे खरा सरासरी वेग आपल्या काडीपेक्षा कमी असतो.

आता मुलांना कळतं की वीरला पाणी सोडलं म्हणजे शेवटच्या गावाला ते त्याच दिवशी मिळत नाही. वाटेत पाझर, बाष्पीभवन आणि हो, कुणी कुणी रात्री टाकलेले पाइपही. म्हणून शेवटाकडचा, टेलचा शेतकरी कायम काळजीत. 'टेल टू हेड', म्हणजे आधी शेवटच्याला पाणी आणि मग वर वर येत पहिल्याला, हे धोरण कशासाठी असतं, हे मुलांनी स्वतः सांगितलं. वर्गात डबे वाटताना मागच्या बाकापासून सुरुवात करायची, असाही ठराव त्यांनी केला.

पेपरमध्ये येणाऱ्या 'क्युसेक'चंही गणित घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लीटर. तासाला किती? एक लाख लीटरहून थोडं जास्त. म्हणजे दहा हजार लीटरचे दहा टँकर! ज्या पोरांनी मे महिन्यात टँकरच्या रांगा बघितल्यात, त्यांना हा आकडा परत समजवावा लागत नाही.

उपक्रम ३ : वादविवाद

कालव्याला सिमेंटचं अस्तर करावं की नाही? केलं तर पाझर थांबतो, पाणी लांब जातं. पण त्याच पाझरावर काठच्या विहिरी भरतात. वर्गात दोन गट करा. आमच्याकडे ज्यांच्या विहिरी कॅनॉलजवळ आहेत ती मुलं एका बाजूला गेली आणि टेलच्या वस्तीवरची दुसऱ्या. दोन्ही गट बरोबर बोलत होते. शिक्षकानं निकाल देऊ नये.

आता माझी चूक

जानेवारीतली गोष्ट. रब्बीचं आवर्तन चालू होतं, कॅनॉल काठोकाठ. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा जवळ आलेल्या. मी सहावी-सातवीच्या मुलांना सांगितलं, "पुलापर्यंत जायचं, पुलाला हात लावायचा आणि परत." मी सुरुवातीच्या रेघेवर घड्याळ घेऊन उभी. दुसऱ्या टोकाला कुणीच नाही.

आमच्याकडे बरीच मुलं चपला हातात घेऊन अनवाणी पळतात. सहावीतल्या एका मुलीच्या हातातली चप्पल सुटली आणि भरावावरून घरंगळत पाण्याच्या कडेला गेली. चप्पल नवी होती, आठवडी बाजारातून आणलेली. आई रागावेल म्हणून ती खाली उतरली. तिथं सिमेंटचं अस्तर आणि त्यावर शेवाळ. पाय सटकला, ती बसल्या बसल्या घसरत गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली. सिमेंटच्या फटीत उगवलेलं गवत तिच्या हातात आलं म्हणून ती तिथंच थांबली.

शेजारी मेंढरं चारणारे एक आजोबा होते. त्यांनी पालथं पडून घोंगडी खाली सोडली, तिला धरायला सांगितलं आणि वर ओढलं. मी पळत पोचले तेव्हा ती रस्त्यावर बसली होती आणि आजोबा तिचे पाय पुसत होते. मला बघून ती पहिलं वाक्य बोलली, "बाई, चप्पल गेली."

तिला काही झालं नव्हतं. मला मात्र तीन रात्री झोप आली नाही.

मी स्वतः पालकसभा बोलावली. झालं ते सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. एक वडील म्हणाले, "पोरांना पोहायला शिकवा, म्हंजे भ्या नाही." तेवढ्यात त्या मुलीची आई उठली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाई, तुमची पोरगी पळत असती तर तुम्ही कुठं उभ्या राहिला असता?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला आवडणारं नव्हतं. मी पाण्याच्या बाजूला उभी राहिले असते.

दोन महिने कॅनॉलवरचं पळणं बंद ठेवलं. कायमचं बंद करावं असंही वाटलं. पण मग लक्षात आलं, मी बंद केलं म्हणून मुलं कॅनॉलवर जायची थांबणार नाहीत. कपडे धुवायला, म्हशी पाजायला, शाळेत यायला ती त्याच रस्त्यानं जातात. मग निदान मोठ्यांच्या देखत, नियम शिकत जावीत. एप्रिलमध्ये आवर्तन संपलं, कॅनॉल कोरडा पडला, तेव्हा आम्ही पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाटकऱ्यांना बोलावलं. त्यांनी काठावरूनच कोरडा कॅनॉल दाखवला : अस्तर किती तिरकं आहे, तळ किती खोल आहे, पाणी असताना चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढणं का जमत नाही. हातानं धरायला तिथं काही नसतंच. पोहता येतं म्हणून धोका संपत नाही, हे त्या दिवशी मुलांना आणि त्या वडिलांनाही दिसलं.

आमचे नियम

हे नियम मुलांनी आणि पालकांनी मिळून केलेले आहेत. तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण पहिले तीन बदलू नका.

१. मोठं माणूस पाण्याच्या बाजूला, मुलं शेताच्या बाजूला. कायम.
२. पाण्यात पडलेली वस्तू गेली समजायची. चप्पल असो, बॉल असो, दप्तर असो. घरी कुणी रागावणार नाही, हे पालकांनी सभेत मुलांसमोर कबूल करायचं.
३. कुणी पाण्यात पडलं तर मागे उडी मारायची नाही. ओरडायचं, आणि काठी, दोर, ओढणी, घोंगडी जे असेल ते काठावर झोपून पुढे करायचं.
४. दोन्ही टोकांना एक-एक मोठं माणूस. तेवढी माणसं नसतील तर त्या दिवशी पळणं मैदानावर.
५. आवर्तन कधी आहे ते पाटकऱ्यांना आधी विचारायचं. रस्ता खात्याचा आहे, त्यामुळे शाखा कार्यालयात अर्ज देऊन परवानगी घ्यायची.
६. पुलाखाली, मोठ्या झाडावर आग्यामोहोळ आहे का ते आदल्या दिवशी बघून यायचं. दगड मारायचा नाही, धूर करायचा नाही.
७. वेग एवढाच की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर चालायचं. चालणं म्हणजे हरणं नाही.
८. सराटे आणि बाभळीचे काटे असतात, म्हणून पायात काहीतरी घालूनच पळायचं.
९. पहिली-दुसरीची मुलं कॅनॉलवर नाहीत. त्यांना मैदान पुरतं.

पालकांसाठी दोन शब्द

"पळून काय मिळणार?" असं कुणी विचारतं. आमच्या रस्त्यावर रोज पहाटे पोलीस भरतीची मुलं-मुली सराव करतात, मुलगे १६०० मीटरचा आणि मुली ८०० मीटरचा. त्यांना त्यातून नोकरी मिळू शकते, हे तुम्हाला माहीत आहेच. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं त्याच शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. दोघंही दुष्काळी भागातली, खेड्यातली.

पण सगळी मुलं पदकं आणणार नाहीत, आणि आणायचीही नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांनी एवढं केलं तरी खूप झालं : आपल्या गावचं पाणी कुठून येतं ते सांगता यावं, ते शेवटच्या माणसापर्यंत पोचतं का याची काळजी वाटावी, आणि पाण्याशी कसं वागायचं ते कळावं. मुलींच्या पालकांना एक वेगळी विनंती. सातवीनंतर मुलीचं पळणं बंद करू नका. रस्ता एकटीचा वाटत असेल तर आपणही सोबत या. आमच्याकडे आता आठवड्यातून दोन दिवस चार आया येतात. सुरुवातीला त्या पदर खोचून नुसत्या उभ्या राहायच्या. आता पुलापर्यंत चालतात, आणि परत येताना गप्पा मारता मारता वेग कधी वाढतो ते त्यांनाही कळत नाही.

त्या चौघींत ती आईही आहे. ती पाण्याच्या बाजूनं चालते. तिची मुलगी आता सातवीत आहे, शेताच्या बाजूनं पळते, आणि नवीन मुलं आली की दुसरा नियम तीच सांगते.